काचेवरचे तारे

दसरा-दिवाळी मागे पडली, की आमच्या पाथर्डी तालुक्यातल्या वाड्या-वस्त्या रिकाम्या होऊ लागतात. कोयते, भांडीकुंडी आणि लेकरंबाळं घेऊन माणसं ऊसतोडीला निघतात. त्याच दिवसांत अंधार पडता पडता पूर्वेला ताऱ्यांचा एक लहानसा पुंजका वर येतो. लांबून पाहिलं तर मूठभर चांदणं एका जागी सांडल्यासारखं वाटतं. या कृत्तिका. कार्तिक महिन्याला नाव मिळालं ते त्यांच्यावरून, कारण कार्तिकी पौर्णिमेचा चंद्र त्यांच्या आसपास असतो.

आपल्याकडे कृत्तिका सहा मानतात. कार्तिकेयाला दूध पाजणाऱ्या त्या सहा माता. ग्रीकांनी त्यांना सात बहिणी म्हटलं. अरबांनी त्यांचं नाव ठेवलं सुरैया. ज्या घरात मुलीचं नाव सुरैया असतं, त्या घरानं नकळत कृत्तिकाच अंगणात आणलेल्या असतात. जुन्या सिनेमातल्या गायिका सुरैया यांचं नावही तेच. कृत्तिकांच्या मागोमाग तांबूस रंगाचा एक ठळक तारा उगवतो. आपण त्याला रोहिणी म्हणतो, अरब त्याला दबरान म्हणतात. दबरान म्हणजे मागून येणारा. कुणाच्या मागून? तर सुरैयाच्या. भाषा वेगळ्या, वाळवंट वेगळं आणि माळरान वेगळं, पण पाहणं तेच.

अशा पुंजक्यांना खगोलशास्त्रात खुले तारकागुच्छ म्हणतात. एकाच ढगातून, साधारण एकाच वेळी जन्मलेले तारे, जे अजून एकमेकांची साथ धरून चालले आहेत, ते म्हणजे खुला गुच्छ. पुढं कोट्यवधी वर्षांत ते पांगतात. आपला सूर्यही कधीकाळी अशाच एखाद्या भावंडांच्या गर्दीत जन्मला असावा, असं मानतात. कृत्तिकांचं वय साधारण दहा-बारा कोटी वर्षं. ताऱ्यांच्या हिशेबात हे पोरवयच. त्यांचं अंतर सुमारे ४४० प्रकाशवर्षं. म्हणजे आज रात्री आपल्या डोळ्यांत शिरणारा त्यांचा उजेड निघाला, तेव्हा इकडे अहमदनगरात निजामशाही नांदत होती.

शेतकऱ्याला आणखी एक गुच्छ नावानं ठाऊक आहे, फक्त तो गुच्छ आहे हे ठाऊक नसतं. पुनर्वसूचा पाऊस तरणा आणि पुष्याचा म्हातारा, हे आपण लहानपणापासून ऐकतो. त्या पुष्य नक्षत्रात, कर्क राशीत, धुरकट कापसासारखा एक ठिपका आहे. पावसाळ्यात सूर्य तिथं असतो म्हणून तो दिसत नाही. माघ-फाल्गुनाच्या रात्री मात्र स्वच्छ दिसतो. ग्रीक आणि रोमन लोक म्हणत, आभाळ निरभ्र असूनही हा ठिपका दिसेनासा झाला, तर पाऊस येणार. तिकडेही त्याचं नातं पावसाशीच.

नुसत्या डोळ्यांना जो धूर दिसतो, तो धूर नसून तारे आहेत, हे दुर्बिणीनं सांगितलं. गॅलिलिओनं १६१० साली प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत कृत्तिकांचं चित्र आहे. उघड्या डोळ्यांना दिसणाऱ्या सहाभोवती त्यानं अनेक बारीक तारे काढले. पुष्यातला ठिपकाही त्यानं ताऱ्यांत सोडवून दाखवला. पुढची पावणेतीनशे वर्षं जो कुणी दुर्बिणीला डोळा लावी, तो हातानं चित्र काढी. एकाचं चित्र दुसऱ्याशी जुळत नसे. कुणाची नजर कमी, कुणाचा हात जड. शंभर वर्षांपूर्वीच्या चित्रात एक तारा नाही आणि आज आहे. मग तो तारा नवा, की चित्रकार दमलेला? याचं उत्तर कोण देणार?

ते उत्तर काचेनं दिलं. १८८५ साली पॅरिसच्या वेधशाळेत पॉल आणि प्रॉस्पर हेन्री या दोघा भावांनी छायाचित्रासाठी खास बनवलेल्या दुर्बिणीतून कृत्तिकांचा फोटो काढला. चांदीच्या क्षारांचा लेप दिलेली काच, आणि तीन तासांचा उजेड. त्या एका काचेवर हजारावर तारे उमटले. शिवाय माया नावाच्या ताऱ्याजवळ एक फिकट ढग उमटला, जो तोवर कुणाच्या डोळ्यांना दिसला नव्हता. डोळ्याची एक मर्यादा आहे. पहिल्या क्षणी जेवढं दिसतं, तेवढंच तासाभरानंतरही दिसतं. काच मात्र उजेड साठवत जाते. थेंबाथेंबानं रांजण भरावा, तशी.

या यशानं उत्साह वाढला. १८८७ साली पॅरिसमध्ये जगभरचे खगोलशास्त्रज्ञ जमले आणि साऱ्या आभाळाचे फोटो काढून त्याची मोजणी करायची, असं ठरलं. अठरा वेधशाळांनी आभाळाचे पट्टे वाटून घेतले. भूमापनवाले शिवार मोजतात ना, तसंच हे आभाळाचं भूमापन. आपल्या दख्खनचा या कामाशी संबंध आला तो नंतर, आणि तो एका हौशी माणसामुळं आला. पण त्याआधी पुण्याची गोष्ट सांगायला हवी.

पुण्याच्या सायन्स कॉलेजात, म्हणजे आजच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या जागी, कावसजी दादाभाई नायगामवाला नावाचे प्राध्यापक होते. १८८२ साली भावनगरचे महाराज तख्तसिंहजी यांनी पाच हजार रुपयांची देणगी दिली. सरकारनंही त्यात भर घातली, आणि १८८८ साली पुण्यात वेधशाळा उभी राहिली. तिचं नाव महाराजा तख्तसिंहजी वेधशाळा. डब्लिनच्या ग्रब कंपनीची आरशाची दुर्बीण आली. पुढं तिला वीस इंची आरसा बसवला, आणि देशातली ती सर्वांत मोठी दुर्बीण ठरली. नायगामवालांनी मृगातल्या तेजोमेघाच्या वर्णपटाचा अभ्यास केला, आणि लॉकियरसारख्या नामवंत इंग्रज शास्त्रज्ञाचं म्हणणं टिकत नाही, हे सांगण्याची हिंमत दाखवली. २२ जानेवारी १८९८ च्या खग्रास सूर्यग्रहणाला त्यांनी जेऊरला तळ ठोकला आणि प्रभामंडलाचे फोटो काढले. हे जेऊर नगरजवळचं नव्हे, सोलापूर जिल्ह्यात करमाळा तालुक्यातलं, पुणे-सोलापूर रेल्वेवरचं. अमेरिकेच्या लिक वेधशाळेची मंडळीही त्याच जेऊरला आली होती.

एवढं सगळं झालं, पण १९१२ साली नायगामवाला निवृत्त झाले आणि वेधशाळा बंद झाली. दुर्बीण आणि सामान तमिळनाडूतल्या कोडाईकनालला गेलं. माणूस उठला आणि त्याच्यामागं दुकान मिटलं. नायगामवाला १९३८ पर्यंत हयात होते. निवृत्तीनंतरच्या त्या पंचवीस-सव्वीस वर्षांत पुण्याच्या आभाळाकडे पाहताना त्यांच्या मनात काय येत असेल, ते आपण फक्त कल्पनेनंच जाणू शकतो.

आता दुसरी दुर्बीण. पाथर्डी तालुक्याच्या पूर्वेला बीड जिल्हा लागतो. भगवानगडाच्या बाजूला उभं राहिलं, की समोर दिसतं ते शिवार १९४८ पर्यंत निजामाच्या राज्यात होतं. आमच्या जुन्या माणसांच्या बोलण्यात 'मोगलाई' म्हणजे ती पलीकडची बाजू. त्या राज्याची राजधानी हैदराबाद. तिथल्या दरबारात नवाब जफर जंग नावाचे एक उमराव होते. त्यांना आभाळाचा नाद. १९०१ साली त्यांनी इंग्लंडहून पंधरा इंची भिंगाची दुर्बीण विकत आणली. पुण्याप्रमाणे हीसुद्धा ग्रब यांचीच. शिवाय यॉर्कच्या कुक कंपनीकडून फोटो काढण्यासाठी आठ इंची भिंगाची खास दुर्बीण घेतली. फिसल बंडा इथल्या आपल्या जागेत त्यांनी वेधशाळा मांडली.

नवाबांनी त्याच वेळी आणखी एक गोष्ट केली, आणि माझ्या मते ती दुर्बिणीहून मोठी आहे. त्यांनी सहावे निजाम मीर महबूब अली खान यांना अर्ज केला. वेधशाळेला निजामिया हे नाव द्यायची परवानगी द्यावी, आणि माझ्यामागं ती सरकारनं कायमची चालवावी. माणूस स्वतःच्या पैशानं दुर्बीण आणतो, आणि पहिल्याच दिवशी आपल्यानंतरची सोय लावतो. १९०७ साली जफर जंग वारले. १९०८ साली वेधशाळा सरकारकडे गेली. तिच्यावर चॅटवूड नावाचे संचालक नेमले गेले आणि ती बेगमपेठला उभी राहिली.

पॅरिसला ठरलेल्या आभाळाच्या मोजणीत एक पट्टा दक्षिण अमेरिकेतल्या चिलीकडे होता. तिथं काम पुढं सरकेना, तेव्हा तो पट्टा हैदराबादला मिळाला. खगोलीय विषुववृत्ताच्या दक्षिणेला १७ ते २३ अंशांचा हा पट्टा. पॅरिस किंवा लंडनहून तो क्षितिजाला टेकलेला दिसतो. हैदराबादेत तो आभाळाच्या निम्म्या उंचीवर येतो, आणि आपल्या पाथर्डीतही तसाच.

या पट्ट्यात काय काय येतं? आकाशातला सर्वांत तेजस्वी तारा व्याध, म्हणजे मृगामागं धावणारा तो पांढरा लखलखीत तारा, याच्या वरच्या काठाजवळ आहे. मृगाच्या मधल्या ज्या तीन ताऱ्यांना गावाकडे तिकांडं म्हणतात, त्यांची रेघ खाली वाढवली की व्याध सापडतो. हात लांब करून दोन-तीन बोटांच्या रुंदीइतकं व्याधापासून दक्षिणेला जा. साध्या दुर्बिणीतूनही तिथं ताऱ्यांचा एक मोकळा पुंजका दिसेल, मध्ये एक तांबूस तारा. हा मेसिए यादीतला एकेचाळिसावा गुच्छ. अंतर सुमारे २,३०० प्रकाशवर्षं. धनू राशीतले तेविसावा आणि पंचविसावा हे दोन सुंदर गुच्छही याच पट्ट्यात. म्हणजे आभाळाचा हा पट्टा काचेवर उतरवताना हैदराबादकरांच्या कॅमेऱ्यात हे गुच्छही उतरले.

हे काम कसं चाले ते सांगतो. पृथ्वी फिरते, म्हणून तारे सरकतात. दुर्बिणीला घड्याळासारखी यंत्रणा जोडलेली असे, ती दुर्बीण ताऱ्यांच्या मागं फिरवी. पण यंत्र थोडं पुढंमागं होणारच. म्हणून एक माणूस शेजारच्या दुसऱ्या दुर्बिणीला डोळा लावून बसे. एक तारा नेमका फुलीवर धरायचा. तो हलला, की हलकेच स्क्रू फिरवून परत जागी आणायचा. डोळा काढायचा नाही. सकाळी काच धुऊन वाळवायची. तिच्यावर आधीच बारीक चौकटींची जाळी छापलेली असे. मग दिवसा दुसरे लोक सूक्ष्मदर्शकातून एकेका ताऱ्याचं ठिकाण त्या जाळीवर मोजत. आडवं अंतर, उभं अंतर, तेज. आकडा लिहायचा आणि पुढचा तारा.

१९१४ पासून हे काम जोरात सुरू झालं. तेव्हाचे संचालक पोकॉक १९१८ साली वारले. त्यांच्यानंतर टी. पी. भास्करन यांनी सूत्रं हाती घेतली आणि १९४४ पर्यंत सांभाळली. १९१९ साली वेधशाळा उस्मानिया विद्यापीठाला जोडली गेली. दक्षिणेचा पट्टा संपत आला, तेव्हा उत्तरेचाही ३६ ते ३९ अंशांचा पट्टा हैदराबादनं घेतला. तीसएक वर्षांत साडेसात लाखांवर ताऱ्यांची ठिकाणं मोजली गेली. त्यांचे बारा खंड छापले गेले. या बारा खंडांत फक्त आकडे आहेत. कवीला वाचण्यासारखं त्यात एक अक्षर नाही, तरी मला ते मोठं काव्य वाटतं.

आकडे मोजणारे कोण होते? रोमला व्हॅटिकनच्या वेधशाळेत काचा मोजायला जोगिणी बसवल्या होत्या. त्यांचा फोटो आज जगभर दाखवला जातो. हैदराबादच्या मोजणीदारांची नावं सामान्य वाचकापर्यंत कधी आली नाहीत. महिन्याच्या पगारावर काम करणारी, डोळे दुखवून घेणारी ही माणसं. आपण मोजलेल्या ताऱ्याचं पुढं काय होणार, हे त्यांना कुणी सांगितलं नसावं, आणि सांगता येण्यासारखंही नव्हतं.

कारण तोवर जगाची हवा बदलली होती. अमेरिकेत मोठमोठ्या दुर्बिणी आल्या. ताऱ्यांची रसायनं, दीर्घिकांची अंतरं, विश्वाचं प्रसरण असे नवे विषय निघाले. पॅरिसची ही योजना जुनाट ठरली. नकाशाचा भाग तर शेवटपर्यंत पुरा झालाच नाही. अनेक जण म्हणू लागले, की या मोजणीत युरोपच्या वेधशाळांची दोन पिढ्यांची ताकद वाया गेली.

पण तारे स्थिर नाहीत. ते चालतात, फार हळू. कृत्तिकांचा सारा गुच्छ शंभर वर्षांत आभाळात जेवढा सरकतो, तेवढं अंतर चंद्राच्या रुंदीच्या साधारण साडेतीनशेव्या हिश्श्याएवढं असतं. एका माणसाच्या आयुष्यात ते कळायचं कसं? त्यासाठी दोन फोटो हवेत, आणि दोन्हींमध्ये मोठा काळ हवा. गुच्छातला तारा कुठला आणि वाटेत आडवा आलेला परका तारा कुठला, हेही याच चालीवरून कळतं. जे एका दिशेनं, एका वेगानं चालतात ते भावकीतले. बाकीचे वाटसरू.

१९८९ साली युरोपनं हिप्पार्कस नावाचा उपग्रह सोडला. त्यानं ताऱ्यांची ठिकाणं अतिशय बारकाईनं मोजली. पण चाल काढायला जुनं ठिकाण हवं होतं. तेव्हा शास्त्रज्ञांनी कपाटातले धूळ खाल्लेले खंड बाहेर काढले. पॅरिसच्या योजनेतली सारी मोजणी संगणकावर चढवली, त्यात हैदराबादचे खंडही आले. २००० साली टायको-२ नावाची यादी प्रसिद्ध झाली. तिच्यात २५ लाख ताऱ्यांची ठिकाणं आणि त्यांची चाल आहे. बेगमपेठला स्क्रू फिरवत बसलेल्या माणसाची रात्र सत्तर-ऐंशी वर्षांनी कामाला आली. पुढं २०१३ साली सोडलेल्या गाया उपग्रहानं यापेक्षा कितीतरी अचूक काम केलं, हे खरं. आज चाल मोजायला जुन्या काचेची पूर्वीइतकी गरज राहिली नाही. तरी १९२० साली एखादा तारा किती तेजस्वी होता, हे कुठलाच उपग्रह मागं जाऊन पाहू शकत नाही. ते फक्त काच सांगते.

दोन्ही दुर्बिणींची वाट पुढं एका माणसापाशी येऊन मिळते. निजामिया वेधशाळेत बाप्पू नावाचे सहायक होते. त्यांचा मुलगा, १९२७ साली जन्मलेला, त्या दुर्बिणींच्या सावलीत वाढला. तोच पुढं थोर खगोलशास्त्रज्ञ वेणू बाप्पू झाला. १९६० साली ते कोडाईकनालच्या वेधशाळेचे संचालक झाले. पुण्याहून निघालेली नायगामवालांची दुर्बीण तिथंच होती. नवाबाच्या हौसेतून वाढलेला मुलगा पुण्याच्या दुर्बिणीपाशी पोचला, असं म्हटलं तर ते फार चुकीचं होणार नाही. कावलूरला त्यांनी उभारलेल्या वेधशाळेतल्या मोठ्या दुर्बिणीला आज त्यांचंच नाव आहे.

बेगमपेठचं आभाळ मात्र टिकलं नाही. शेजारी विमानतळ आला, शहर वाढलं, दिवे वाढले. १९६० च्या दशकाच्या अखेरीस उस्मानिया विद्यापीठाला नवी मोठी दुर्बीण शहरापासून दूर, जपाल-रंगापूरला उभारावी लागली.

आता आपल्याकडे येऊ. हौशी आकाशनिरीक्षण महाराष्ट्राला नवं नाही. पुण्याची ज्योतिर्विद्या परिसंस्था २२ ऑगस्ट १९४४ पासून हे काम करते आहे. आणि आज हैदराबादच्या त्या साहेबांना जे स्वप्न वाटलं असतं, ते तालुक्याच्या गावी करता येतं. सहा इंची आरशाची दुर्बीण, ताऱ्यांमागं फिरणारी छोटी मोटर, आणि लग्नात फोटो काढायला वापरतात तसला कॅमेरा. एवढं पुरतं. उघड्या माळावर दुर्बिणीचा आस ध्रुवताऱ्याकडे रोखायचा. आपल्याकडे ध्रुव क्षितिजावर एकोणीस अंश उंच असतो, म्हणजे पूर्ण उंचीच्या जेमतेम पाचव्या हिश्श्याएवढा. मग व्याधाखालचा तो गुच्छ चौकटीत धरायचा आणि तीस-तीस सेकंदांचे पन्नास-साठ फोटो घ्यायचे. संगणक ते एकावर एक ठेवतो. एकट्या फोटोत खरखर असते, पन्नास एकत्र आले की ती विरते आणि बारीक तारे वर येतात. खुले गुच्छ नवशिक्यावर दया करतात. तेजोमेघासाठी गडद काळोख लागतो, हे तारे मात्र थोडा उजेड सोसतात. तरी पेट्रोल पंपाचे आणि ढाब्यांचे झगझगीत दिवे दर वर्षी वाढताहेत. एकदा गेलेला अंधार सहसा परत येत नाही.

आपल्या गावोगावी हौशी माणसं आहेत. कुणी नाणी जमवतो, कुणी पावसाची नोंद ठेवतो, कुणी जुनी गाणी, कुणी तारे. लोक त्यांना येडा म्हणतात. आणि तो माणूस गेला, की महिन्याभरात त्याच्या वह्या रद्दीत आणि सामान भंगारात जातं. मी अशा वह्या किलोवर जाताना पाहिल्या आहेत. त्यात कवितेच्याही होत्या.

म्हणून दुर्बीण घेतलेल्या तरुणांना माझं एवढंच सांगणं आहे. फोटो सुंदर काढा, मित्रांना दाखवा, कौतुक करून घ्या. पण प्रत्येक फोटोबरोबर तारीख, वेळ, गावाचं नाव, दुर्बिणीचा आकार आणि किती सेकंद उजेड घेतला ते लिहून ठेवा. रंग चढवलेल्या फोटोबरोबर मूळ फोटोही जपा. त्याची एक प्रत शाळेत, ग्रंथालयात, एखाद्या संस्थेत ठेवा, आणि घरच्यांना सांगून ठेवा की हे टाकायचं नाही. नायगामवालांनी आणि जफर जंगांनी आभाळावर सारखंच प्रेम केलं. फरक एका अर्जाचा होता. तो अर्ज करायला नवाब असावं लागत नाही.